मांजराच्या पोटात पाणी होतं, त्यावर सुई आहे का?



कुत्रा चावला तर काय करायचं, यावर आपण मागे बोललो होतो. त्यानंतर एका बचत गटाकडून प्रश्न आला. गटातल्या एका ताईंचा दीड वर्षाचा बोका महिनाभरात खंगत गेला. ताप उतरेना, पाठीचा कणा हाताला लागायला लागला आणि पोट मात्र गाभण मांजरीसारखं फुगलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पोटात पाणी झालंय, आता फार काही करता येणार नाही. आठ दिवसांत बोका गेला. ताईंचा प्रश्न असा, की साप चावला तर सुई आहे, पिसाळलेलं कुत्रं चावलं तर सुई आहे, मग यावर का नाही?

एका ओळीत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी याच प्रश्नावर साठ वर्षं घालवली आहेत. ‘मांजरासाठी कोण एवढं करतं’ असं कुणी म्हणेल. पण ज्या घरात धान्याची पोती आहेत, त्या घराला मांजराची किंमत माहीत असते. आणि या आजाराच्या अभ्यासातून जे कळलं, ते माणसांच्याही उपयोगी पडलं आहे. ते पुढे येईलच.

डॉक्टर या आजाराला एफआयपी म्हणतात. पोटाच्या आत एक पातळ अस्तर असतं, त्याला संसर्गातून येणारी सूज, असा त्याचा अर्थ. १९६३ साली अमेरिकेत बोस्टनच्या प्राण्यांच्या दवाखान्यात जीन होल्झवर्थ नावाच्या बाईंनी तो पहिल्यांदा नीट नोंदवला. या बाई आधी लॅटिन भाषा शिकवायच्या, नंतर पशुवैद्य झाल्या. ज्या काळात डॉक्टरांचं लक्ष गाई-घोड्यांकडे असायचं, त्या काळात त्यांनी मांजरांकडे लक्ष दिलं.

हा आजार कोरोना जातीच्या विषाणूमुळे होतो. नाव ऐकून दचकू नका. माणसाला झाला तो कोरोना वेगळा, हा मांजराचा वेगळा. हा माणसाला होत नाही. मांजराच्या आतड्यात तो अगदी सर्रास सापडतो, विष्ठेतून एकाचा दुसऱ्याला लागतो, चार दिवस हगवण लागते किंवा तेवढंही होत नाही. बहुतेक मांजरं त्यातून आपोआप बरी होतात. पण लागण झालेल्या शंभरातल्या साधारण पाच-दहा मांजरांमध्ये हा विषाणू अंगातल्या अंगात आपलं रूप बदलतो, आतड्यातून बाहेर पडतो आणि रक्तात शिरतो. तिथून खरा एफआयपी सुरू होतो. बहुतेक वेळा मांजर दोन वर्षांच्या आतलं असतं. कुणाच्या पोटात पिवळसर, चिकट पाणी साठतं, कुणाच्या छातीत साठून धाप लागते. कुणाच्या पोटात पाणीच नसतं, पण डोळ्याचा रंग बदलतो, चाल लडखडते. औषध न मिळालेलं मांजर यातून जवळजवळ कधीच वाचत नाही.

आता सुईकडे येऊ. त्यासाठी एक फरक लक्षात घ्यावा लागेल, तेव्हा हे जरा सावकाश ऐका.

आपण ‘सुई’ म्हणतो तेव्हा त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. एक लस. लस म्हणजे शरीराला भाकरी थापायला शिकवणं. शिकायला वेळ लागतो, पण एकदा हात बसला की पुढे कामाला येतो. दुसरी म्हणजे तयार भाकरी हातात देणं. भूक आत्ता लागली आहे, शिकवत बसायला सवड नाही, म्हणून दुसऱ्याच्या तव्यावरची आणून दिली. ती खाल्ली की संपली. साप चावल्यावर जी सुई देतात ती या दुसऱ्या प्रकारची. तिच्यात दुसऱ्याच्या शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं असतात. प्रतिपिंड म्हणजे रक्तातला एक बारीकसा राखणदार. इंग्रजी वाय अक्षरासारखा, आपल्या भाषेत सांगायचं तर गलोलीच्या बेचक्यासारखा. त्याचे दोन हात विष किंवा जंतूला धरतात आणि खालची दांडी शरीरातल्या मोठ्या पेशींना खूण करते, की या, हा धरलाय, गिळा याला.

हे उसनं देता येतं, हे १८९० मध्ये बर्लिनमध्ये दोघांनी दाखवून दिलं. एक जर्मन एमिल बेहरिंग आणि दुसरे जपानी शिबासाबुरो कितासातो. धनुर्वातापासून सुरक्षित झालेल्या प्राण्याच्या रक्तातलं पाणी, म्हणजे रक्तद्रव, दुसऱ्या प्राण्याला टोचलं तर तोही वाचतो, हे त्यांनी सिद्ध केलं. नोबेल मात्र १९०१ मध्ये एकट्या बेहरिंगना मिळालं. कितासातो हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडची सर्पदंशाची सुई याच वाटेनं बनते. मुंबईच्या हाफकिनसारख्या संस्थांत घोड्याला सापाचं विष अगदी थोडं थोडं देत जातात. घोड्याचं रक्त त्यावर प्रतिपिंडं तयार करतं, ती काढून, शुद्ध करून कुप्यांत भरतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर ती एकच सुई चालते. पण घोड्याची वस्तू माणसाच्या अंगात गेली की अंग कधी कधी ती परकी म्हणून झिडकारतं. गांधी उठतात, थंडी वाजते, धाप लागते. म्हणूनच ती सुई दवाखान्यातच, डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यायची.

घोड्याच्या रक्तात नाना तऱ्हेची प्रतिपिंडं मिसळलेली असतात. १९७५ मध्ये इंग्लंडात केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाइन या दोघांनी नेमकं एकाच तऱ्हेचं प्रतिपिंड हवं तेवढं बनवायची युक्ती काढली. म्हणजे सगळ्या करंज्या एकाच साच्यातल्या. कुत्रा चावल्यावर जखमेत भरायची अशी एक सुई आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं २०१७ मध्ये बाजारात आणली. तिला घोडाही लागत नाही आणि माणसाचं रक्तही लागत नाही.

मग कुणालाही वाटेल, की मांजराच्या या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं बनवा, मांजराला टोचा, झालं. शास्त्रज्ञांनाही तसंच वाटलं होतं. पण मांजरं वाचण्याऐवजी लवकर मरायला लागली.

१९८० च्या सुमाराला अमेरिकेत नील्स पेडरसन आणि इतर काही संशोधकांच्या हे ध्यानात आलं. ज्या मांजरांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं आधीपासून होती, त्यांना आजार जास्त जोरात आणि जास्त लवकर व्हायचा. १९९० मध्ये दुसऱ्या एका गटानं पिल्लांना विषाणूच्या वरच्या काट्यांविरुद्धची लस देऊन पाहिली. लस दिलेली पिल्लं लस न दिलेल्या पिल्लांच्या आधी मेली. लस टोचणाऱ्यांच्या मनाचं काय झालं असेल!

कारण त्या दांडीत आहे. प्रतिपिंड विषाणूला धरतं आणि दांडीनं मोठ्या पेशीला खूण करतं, ती पेशी विषाणूला गिळते. बाकीच्या जंतूंसाठी हा शेवट असतो, गिळलं की संपलं. पण एफआयपीच्या विषाणूला नेमक्या याच पेशीत जायचं असतं! रूप बदलल्यापासून तो तिच्या आतच वाढतो. म्हणजे चोराला पकडून जागल्यानं पेढीत नेऊन बसवावं आणि चोरानं आतून कडी लावावी, असा प्रकार. कुंपणच शेत खातं, ते हे.

आता माणसांकडे येऊ. डेंग्यूतही असाच एक धोका आहे. डेंग्यूचे चार भाऊ आहेत. एका भावाचा डेंग्यू होऊन गेल्यावर काही वर्षांनी दुसऱ्या भावाचा झाला, तर आधीची अर्धवट जुळणारी प्रतिपिंडं कधी कधी त्या नव्या विषाणूला पेशीत नेऊन सोडतात. म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू जास्त गंभीर होऊ शकतो. पावसाळ्यात घरात कुणाला ताप आला आणि त्याला पूर्वी डेंग्यू झालेला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. २०२० मध्ये माणसांच्या कोरोनाच्या लशी तयार होत होत्या, तेव्हाही मांजरांचा हा जुना अनुभव शास्त्रज्ञांच्या डोळ्यांसमोर होता. आपल्या लशीनं असं काही होत नाही ना, हे त्यांनी मुद्दाम तपासलं.

विषाणूला धरणं धोक्याचं, मग धरायचं कुणाला? जपानमधल्या एका गटानं वेगळा विचार केला. त्या विद्यापीठाचं नाव कितासातो विद्यापीठ. ते १८९० चे कितासातो, त्यांच्याच नावाचं. तिथल्या पशुवैद्यांना दिसलं, की मांजराचा जीव विषाणू एकटा घेत नाही. विषाणू शिरलेल्या पेशी घाबरून एक रसायन भरमसाट सोडतात, त्याला टीएनएफ म्हणतात. थोड्या प्रमाणात ते कामाचं आहे, जखम झाली की सूज येते, ताप येतो, त्यात त्याचा हात असतो. पण या आजारात ते थांबतच नाही. चुलीतला जाळ चुलीत असला तर भाकरी होते, छपराला लागला तर घर जातं. या टीएनएफमुळे मांजराच्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मरतात, आणि भरीला भर म्हणजे मोठ्या पेशींवर विषाणूला शिरायला आणखी दारं तयार होतात.

तेव्हा त्यांनी विषाणूला सोडून या टीएनएफला धरणारं प्रतिपिंड बनवलं. २०१६ मध्ये त्यांनी प्रयोगाचा निकाल छापला. प्रयोगशाळेत मुद्दाम लागण केलेल्या तीन मांजरांना हे प्रतिपिंड दिलं, त्यांपैकी दोघांना आजार झाला नाही. ज्या तिघांना नुसतं पाणी टोचल्यासारखं खोटं औषध दिलं, त्या तिघांनाही झाला. मुद्दाम आजारी पाडलेल्या त्या मांजरांचं आम्हालाही वाईट वाटतं, ते लपवून ठेवत नाही. आणि तीन हा आकडा फार लहान आहे. तीन वाफ्यांत बी चांगलं उगवलं म्हणून सगळ्या गावानं तेच बी पेरावं, असं कुणी शहाणी बाई म्हणणार नाही. पण दिशा बरोबर असावी, एवढं त्यातून दिसलं.

पुढची अडचण तुमच्या ओळखीची आहे. हे प्रतिपिंड उंदराच्या पेशीतून बनवलेलं. घोड्याचं प्रतिपिंड माणसाचं अंग झिडकारतं, तसंच उंदराचं प्रतिपिंड मांजराचं अंग झिडकारतं. दोन-चार वेळा दिलं की मांजर त्याच्याचविरुद्ध प्रतिपिंडं बनवायला लागतं आणि सुई वाया जाते. (मांजराला उंदीर फक्त खाण्यापुरताच चालतो, असं दिसतं.) म्हणून मग हात उंदराचे आणि दांडी मांजराची, असं जोडकाम करावं लागलं. माणसांच्या संधिवातावर वापरतात ते टीएनएफविरुद्धचं एक प्रतिपिंडही मांजरांना देऊन पाहिलं. एक मात्र विसरायला नको. टीएनएफ फार दाबलं तर दुसरे जंतू डोकं वर काढतात. छपराचा जाळ विझवताना चूलही विझवून चालत नाही.

मांजरासाठी प्रतिपिंडाची सुई बनू शकते, याबद्दल आता शंका नाही. मांजराच्या सांधेदुखीवर महिन्यातून एकदा द्यायचं एक प्रतिपिंड आधी युरोपात आणि मग जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं कुठल्याही प्राण्यासाठी मंजूर केलेलं असं ते पहिलंच. कुत्र्याच्या पिल्लांना पार्वो नावाचा रक्ताच्या हगवणीचा आजार होतो, त्यावरच्या प्रतिपिंडाला २०२३ मध्ये तिथे सशर्त परवानगी मिळाली. एफआयपीवरची सुई मात्र अजून तुमच्या-आमच्या दवाखान्यात पोचलेली नाही.

त्याचं एक कारण चांगलं आहे. मधल्या काळात दुसरंच औषध पुढे निघून गेलं. अनेक वर्षांपासून या आजाराच्या मागे लागलेले तेच पेडरसन म्हातारपणी पुन्हा एकदा प्रयोगाला बसले. विषाणूला आपल्या प्रती काढू न देणारं जीएस-४४१५२४ नावाचं औषध त्यांनी घरी आजारी पडलेल्या ३१ मांजरांना दिलं. बारा आठवडे रोज सुई. २०१९ मध्ये निकाल छापला. पाच मांजरं सुरुवातीलाच गेली, पण २५ मांजरं पुढेही जगली. ज्या आजारात आशाच नव्हती, त्यात हे घडलं! पण ते औषध बनवणारी कंपनी त्या वेळी ते मांजरांसाठी बाजारात आणायला तयार झाली नाही, आणि अनेक देशांत लोक चोरट्या बाजारातून कुप्या घेऊ लागले. ब्रिटनमध्ये २०२१ पासून आणि अमेरिकेत २०२४ पासून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळायला लागलं. २०२३ मध्ये सायप्रस बेटावर या आजाराची मोठी साथ आली, तेव्हा तिथल्या सरकारनं माणसांसाठी घेऊन ठेवलेल्या कोरोनाच्या गोळ्या मांजरांना द्यायला परवानगी दिली.

तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या ताईंना आमचं उत्तर असं. सुई नाही, कारण विषाणूला धरणारी सुई उलटते. टीएनएफला धरणारी सुई प्रयोगशाळेपर्यंत आली आहे. आणि विषाणूला वाढू न देणारं औषध निघालं आहे, पण ते महाग आहे, बारा आठवडे न चुकता द्यावं लागतं, आणि ते पशुवैद्यामार्फतच घ्यायचं. मोबाईलवर कुणी कुपी विकत असेल, तर आत काय भरलंय ते लेबलावरून कळत नाही. तुमच्या बोक्याची निगा राखण्यात तुम्ही कमी पडला नाहीत, एवढं मात्र नक्की.

आता घरातल्या मांजराबद्दल चार गोष्टी.

पोट फुगलं म्हणजे हाच आजार, असं नाही. जंत असतात, गाभणपण असतं, काळजाचा आजार असतो. पोटात पाणी असेल तर डॉक्टर सुईनं थोडं काढून बघतात. थोड्या पाण्यात ॲसिटिक आम्लाचा, म्हणजे कडक व्हिनेगरचा, एक थेंब मिसळून त्यात पोटातल्या पाण्याचा थेंब सोडतात. तो विरघळला तर एफआयपीची शक्यता कमी, जेलीसारखा तसाच राहिला तर शक्यता जास्त. साधी, स्वस्त तपासणी आहे, पण पक्का निकाल तेवढ्यावर लागत नाही. घरी पोटाला सुई लावायचा विचारही करू नका.

मांजराला ताप आला म्हणून आपली तापाची गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीसुद्धा जीव घेते.

पिल्लांना जास्त भीती असते ती मांजरांच्या पार्वोची. उलट्या, हगवण, मान टाकणं, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू जातं. त्यावर मात्र चांगली लस आहे. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं चार महिन्यांचं होईपर्यंत. तीन महिन्यांनंतर रेबीजची. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. गटातल्या चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी पिल्लं नेली तर रिक्षाचं भाडं वाटून जातं.

मांजर चावलं किंवा त्यानं जोरात ओरखडलं, तर कुत्र्यासारखंच समजा. रेबीज मांजरालाही होतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. मिरची, चुना, तंबाखू काही भरू नका आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. वर सांगितलेली जखमेत भरायची प्रतिपिंडं कधी द्यायची, ते डॉक्टर जखम बघून ठरवतात. लस घरी शिकेपर्यंतची ती तयार भाकरी आहे.

ताईंनी शेवटी विचारलं आहे, की घरात त्याच बोक्याची बहीण आहे, तिला दूर सोडून यावं का? नको. सायप्रसची साथ वेगळी होती, तिथला विषाणू एका मांजराकडून दुसऱ्याकडे जात होता. एरवी पोटात पाणी करणारं विषाणूचं ते बदललेलं रूप दुसऱ्या मांजराला सहसा लागत नाही. आतड्यातला साधा विषाणू तिला बहुधा आधीच येऊन गेला असेल. तिला घरातच राहू द्या, नीट खाऊ घाला, वजनावर आणि पोटावर नजर ठेवा. बोक्याची खाण्याची ताटली आणि अंथरुणाचं पोतं धुऊन उन्हात टाका किंवा जाळून टाका. नवीन पिल्लू आणायचं असेल तर दोन महिने थांबा, कारण हा विषाणू कोरड्या जागी काही आठवडे टिकतो. आणि आणाल ते एकच आणा, कारण एका जागी खूप मांजरं दाटीनं राहिली की हा विषाणू फिरत राहतो. भाटी असेल तर वेळेवर नसबंदी करून घ्या.

पुढच्या गुरुवारी शेळ्यांच्या पीपीआरच्या लशीबद्दल बोलू. तुमच्या गोठ्यातले प्रश्न मंगळवारपर्यंत पाठवा. नमस्कार.